पहिली ओवी वाऱ्याची

एका राज्यात राजवाड्याहूनही जुनी अशी एक पवनचक्की होती. टेकडीवर तिची पाती फिरत, खाली जाते घरघरे, आणि साऱ्या राज्याच्या भाकरीचे पीठ तिथेच पडे. दळायला येणाऱ्या बायांचा रिवाज वाडवडिलांपासूनचा: जात्यात पहिली वैरण, म्हणजे पहिली मूठभर दाणे, घालताना पहिली ओवी वाऱ्याच्या नावाने म्हणायची.

तिथला राजा शूरकेत. मनाचा वाईट नव्हे, पण स्वतःचे नाव ऐकायची त्याला भारी हौस. त्याने चक्कीवर सोन्याचा कळस चढवला आणि दवंडी पिटवली, "यापुढे पहिली ओवी राजाच्या नावाची!" बायांनी भीत भीत तशी ओवी म्हटली. पाती जागच्या जागी थांबली आणि राजाचे पाय दगडाचे झाले.

सकाळी दगड गुडघ्यांपर्यंत चढला. राजाची बहीण मेघावळी माहेरपणाला आली होती. तिने भावाचे पाय पाहिले. भावावाचून माहेर कसले! तेवढ्यात खिडकीत साळुंकी बसली आणि म्हणाली, "वारा रुसलाय. काळ्या डोंगराच्या गुहेत बसलाय. दगड गळ्याशी पोचण्याआधी त्याची समजूत काढ."

मेघावळी निघाली. गुहेत शापित धनाचे ढीग पडले होते. जो हात लावी त्याचा साप होई. तिने पदर आवरून घेतला आणि ती सरळ वाऱ्यापुढे गेली. वारा कोपऱ्यात गुडघ्यांत डोके घालून बसला होता.

"वारेराया, काय केले म्हणजे परत याल?"

"राजाचा हक्क नाही असा दाणा हवा. माझ्या डोक्यावर कुणाचा कळस नको. आणि ज्याने माझी ओवी घेतली, त्याच्याच तोंडून ती हवी."

पहिले काम साळुंकीने केले. पाखरांसाठी बांधावर सोडलेल्या कणसातला दाणा तिने चोचीत आणला. दुसरे मेघावळीने केले. ती स्वतः शिडी लावून वर चढली आणि कळस उतरवला. तोवर राजा छातीपर्यंत दगड झाला होता. सहा भोयांनी धापा टाकत त्याची पालखी टेकडीवर नेली.

"मेघावळी, पुरुषाने ओवी गायची? तीही बायांसमोर?"

"दादा, छातीपर्यंत दगड झालास, ताठा तेवढा हाडामासाचा राहिला. मला भाऊ हवा आहे, पुतळा नको."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. राजाने ते पाहिले आणि त्याची मान खाली गेली. मेघावळीने दाणा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो जात्यात सोडला आणि भसाड्या आवाजात गायला सुरुवात केली:

"पहिली ओवी वाऱ्याला, ज्याने फिरविले पाते,
राजा मी नावापुरता, त्याच्या बळावर जाते."

सूर असा चुकला की साळुंकीने पंखांत डोके खुपसले. पण पाती करकरली, हलली, गरगरा फिरू लागली. राजाच्या अंगावरचा दगड पिठासारखा झडला आणि बहिणीने त्याला पोटाशी धरले.

कळसाचे सोने विकून राजाने चक्कीच्या वाटेला पायऱ्या बांधल्या. अजूनही तिथे नवे धान्य आले की पहिली ओवी जो राजा असेल त्याने म्हणायची, आणि बायांनी तोंडाला पदर लावून हसायचे. वारा रुसत नाही. त्यालाही हसू येते, म्हणून त्या दिवशी पीठ जरा जास्तच उडते.

टेकडीवरची कहाणी पिठासंगे खाली आली. ऐकणाऱ्याच्या तव्यावर भाकरी टम्म फुगो.