शिंकेचा ठोका

एकदा काय झालं, समुद्राला थंडी वाजली. मग त्याने काय केलं? पार तिकडच्या टोकापासून धुक्याची गोधडी ओढली, ती थेट गळ्यापर्यंत. सिंथिया, तुझे पाय किती गार पडलेत गं, घे आत. हां. तर समुद्राने गोधडी ओढली, आणि तिच्याखाली पाच होड्या राहिल्या.

होड्या कुठल्या? शिंपबंदरच्या. एवढंसं गाव. पुढे वाळू, मागे नारळ, आणि मधोमध देऊळ. देऊळ म्हणजे आपलंच, क्रुसाचं. त्या देवळात एक घंटा होती आणि ती वाजवायची इनास. पूर्वी तिचा बाप वाजवायचा, दुमिंगबाबा. पण त्याची बोटं वाकडी झाली, दोर धरवेना. मग इनासने दोर हातात घेतला, आणि लग्न झालं तरी सोडला नाही. नवरा गावातलाच होता ना, पास्कू. कोळी माणूस, घरात कमी आणि पाण्यात जास्त.

आता ही घंटा दोन तऱ्हांनी वाजायची, बरं का. कुणी गेलं की मरणाची घंटा. एक ठोका, मग पाच श्वास गप्प. पुन्हा एक ठोका. ही घंटा सगळ्या गावांत सारखीच. आणि दुसरी सणाची. ती मात्र ज्या त्या गावाची वेगळी. शिंपबंदरची कशी? दोन सावकाश, तीन भरभर, आणि सगळं संपलं असं वाटतं ना वाटतं तोच वर आणखी एक. टण... टण... टणटणटण... टण!

तो वरचा एक कुठून आला, विचारा की. अरे, घंटा नवी होती तेव्हा पहिल्याच सणाला वाजवणाऱ्याला आली शिंक. दोराला बसला हिसका, पडला जादा ठोका. लोक म्हणाले, अरे देवा, शिंकलास? अपशकुन! तेव्हाचे फादर मोठे गमतीचे. ते म्हणाले, राहू दे, प्रभूला आवडला असेल. तेव्हापासून तो शिंकेचा ठोका सणाच्या घंटेत कायमचा बसला.

तर आता धुकं आलं. असं धुकं की कोंबड्यांना दुपार कळेना. कावळे उडायचे सोडून चालत जाऊ लागले. हात पुढे केला की बोटं दिसायची नाहीत, आणि परत घेतला की तळव्यावर खारट थेंब. त्या पांढऱ्यात पाच होड्या, बारा माणसं. त्यात पास्कू.

बायका रोज किनाऱ्यावर जायच्या. हाका मारायच्या, रडायच्या. पण होड्या येईनात. एक रविवार गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. आणि त्या गावची रीत अशी की समुद्रावर गेलेला माणूस तीन रविवारांत आला नाही, तर त्याच्यासाठी मरणाची घंटा वाजवायची. म्हणजे त्याच्या आत्म्याला विसावा मिळतो.

मग पास्कूची आई आली, मोनूमाय. रडून रडून तिचे डोळे एवढेसे झालेले. ती म्हणाली, "इनास, वाजव गं बाई आता. माझ्या लेकराला असं लटकत ठेवू नकोस."

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर इनास घंटेखाली गेली. दोर धरला. एक ठोका दिला आणि श्वास मोजायला लागली. एक, दोन... आणि समुद्रावरून ठोका आला. तसाच. मग डावीकडून आला. मग उजवीकडून. मग पार लांबून. चहूबाजूंनी मरणाचीच घंटा. इनासच्या अंगावर काटा आला. तिने दोर टाकला आणि धावत बापाकडे गेली.

दुमिंगबाबा खाटेवर पडला होता. त्याने ऐकून घेतलं आणि सुस्कारा टाकला. "माझा बाप सांगायचा या धुक्याचं. हे रडकं धुकं आहे, पोरी. त्याला कुणाचंही रडणं एकदा ऐकलं की पाठ होतं. मग ते चारी दिशांना तेच म्हणत बसतं. तुम्ही बायका किनाऱ्यावर रडताय, आणि पाण्यावर त्या माणसांना सगळीकडूनच रडणं ऐकू येतंय. गाव कुठल्या अंगाला आहे हे त्यांना कळणार कसं?"

"मग करू काय, बा?"

"सणाची घंटा वाजव. ती त्याला पाठ होत नाही."

"पण माझ्यात सण आहे कुठे?" इनास म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला.

दुमिंगबाबाने आपलं वाकडं बोट भिंतीवरच्या क्रुसाकडे केलं. "तुझ्यात नसेल. त्याच्यात आहे. तिथून आण."

आता हे बोलायला सोपं. आणायचं कसं? हट्टी होती इनास. दुसऱ्या दिवशी तिने पेटी उघडली, लग्नातलं लाल लुगडं नेसली. केसांत अबोली माळली. आरशासमोर उभं राहून हसून बघितलं, तर ते हसू बिचारं पाहवेना. तशीच गेली आणि सणाची घंटा वाजवू लागली. दोन सावकाश, तीन भरभर. पण वरचा ठोका? हातच उचलेना. आणि धुक्याने काय केलं? तीच घंटा परत पाठवली, मुसमुसत, चहूबाजूंनी. सणाचे कपडे घातलेलं रडणंच होतं ना ते! धुकं कसलं फसतंय.

आणि खाली गाव खवळलं. बाया दारांत येऊन उभ्या राहिल्या. कुणी म्हणाली, डोक्यावर परिणाम झाला. कुणी नुसतं तोंड फिरवलं. मोनूमायने तर सगळ्यांसमोर विचारलं, "माझा लेक गेला आणि तू लाल लुगडं नेसतेस? उद्या दोराला हात लावलास तर दोरच कापून टाकीन!"

इनास घरी गेली. जेवली नाही.

सकाळी ती देवळात जाऊन बसली. तिथे बाजूच्या कोनाड्यात एक लाकडी होडी होती. कोळ्यांनीच कोरलेली, आणि होडीत कोरलेला प्रभू येशू. झोपलेला, बरं का. वादळात झोपला होता ना तो, तसा. डोक्याखाली दोराचं वेटोळं. इनासला आधी रागच आला. ती म्हणाली, "प्रभू, इथे आमचा जीव जातोय आणि तू झोप. मला हसता येत नाही. मला काहीच येत नाही." मग तिने त्या होडीच्या काठावर डोकं टेकलं. तीन आठवड्यांत डोळ्याला डोळा लागला नव्हता तिचा. तिथे लागला.

आणि तिला स्वप्न पडलं. सगळं पांढरं पांढरं. मऊ. पाणी हलत होतं पण आवाज नव्हता. ती होडीत बसली होती, आणि समोर तो झोपलेला. त्याने पांघरलेली शाल केवढी मोठी! होडीबाहेर जात जात थेट धुक्यात मिसळलेली. इनासने हळूच विचारलं, "प्रभू, माझा पास्कू कुठाय?" त्याने डोळे न उघडताच शालीचं एक टोक उचललं. खाली पास्कू झोपलेला, कुशीवर, नेहमीसारखा तोंड उघडं टाकून. इनास म्हणाली, "आणि मी?" त्याने दुसरं टोक उचललं. खाली ती स्वतःच झोपलेली, लाल लुगड्यात. मग तिने घाबरत विचारलं, "आणि जे परत येणार नाहीत ते?" तेव्हा त्याने डोळे उघडले. म्हणाला, "माझ्या होडीतून कुणी पडत नाही, इनास." आणि अंगावरची शाल तिच्याकडे सारली.

ती जागी झाली तेव्हा धुकं तसंच होतं. काहीसुद्धा बदललं नव्हतं. होड्या नव्हत्या, पास्कू नव्हता. पण तिच्या काळजाखाली काहीतरी ऊबदार येऊन बसलं होतं, मांजराचं पिल्लू बसतं ना तसं. तिने उठून तोंड धुतलं. घरी जाऊन पोटभर पेज प्यायली.

मग तिसरी संध्याकाळ. इनास घंटेखाली गेली, तर दारात मोनूमाय उभी. हातात कोयता.

"बाजूला हो," मोनूमाय म्हणाली. "माझं पोर मेलंय. सण कसला करतेस?"

इनास दोरापाशीच उभी राहिली. तिला भीती वाटली नाही, राग आला नाही, तिला म्हातारीची फार माया आली. ती म्हणाली, "माय, हा सण पास्कू आला म्हणून नाही. मेला होता आणि उठला, त्या प्रभूचा आहे हा. पास्कू आज घरी आला तरी हा सण आहे. नाही आला, तर पास्कू त्याच्यापाशी आहे, तरीही हा सण आहे. तो धुक्याने जात नाही, माय. माझ्यातूनही नाही जात."

मोनूमाय बघत राहिली. तिच्या हातातला कोयता खाली पडला. मग ती पुढे आली आणि तिने दोर धरला. इनासच्या हाताच्या वर तिचा हात. रडत होती, पण धरला. दोघींनी ओढला. दोन सावकाश. तीन भरभर. आता तो दोर किती वर्षांचा, त्यात केवढी धूळ! भुर्रकन सगळी मोनूमायच्या नाकात गेली. आणि...

आक्छी!

हिसका बसला दोराला. टण! बरोब्बर जिथे पडायचा तिथेच पडला ठोका. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि खो खो हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हसू थांबेना. आणि वाजवणंही थांबेना. त्या हसण्यासकट घंटा गेली समुद्रावर.

धुक्याने कान टवकारले. पाठ करायला गेलं. दोन जमले, तीन जमले, शिंकेचा ठोका काही जमेना! पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. त्याची गाठ बसली, टाका उसवला, आणि जुन्या गोधडीसारखं ते इथून तिथून विरायला लागलं.

पास्कूने मागाहून सांगितलं ते असं. तीन आठवडे ते माशांवर आणि दवाच्या पाण्यावर जगले. सगळीकडून रडणंच ऐकू यायचं, म्हणून जिथल्या तिथे फिरत राहिले. वल्ही उचलायची ताकद उरली नव्हती. तेवढ्यात एका अंगाने, एकाच अंगाने, तो ठोका आला. पास्कू ताडकन उठून बसला आणि ओरडला, "अरे, ही आपली! असं शिंकतं दुसरं कोण?" मग त्यांनी होड्यांची तोंडं वळवली.

एक होडी फुटली होती, ती राहिली समुद्रात. पण माणसं बाराच्या बारा आली. मोनूमाय गुडघाभर पाण्यात शिरली, लेकाचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि पहिलं काय बोलली? "किती वाळलास रे, मेल्या!"

मग काय, सगळे सुखाने राहिले. पण त्या दिवसापासून शिंपबंदरात एक नवी रीत पडली. तिथे कुणी गेलं की मरणाची घंटा वाजते, सगळीकडे वाजते तशीच. पण ती संपली की थोडं थांबून सणाची घंटाही वाजते. पुष्कळ वर्षांनी मोनूमाय गेली, पिकून, आपल्या खाटेवर, लेकासुनेच्या हातचं पाणी पिऊन. तेव्हा इनासचेही केस पांढरे झाले होते. तिने मरणाचे ठोके दिले, डोळे पुसले, आणि मग सणाची घंटा धरली. दोन सावकाश, तीन भरभर. आणि शेवटचा ठोका पडला तसं अख्खं गाव रडता रडता हसलं.

झाली गोष्ट. क्रुसाची खूण करा बघू. हं. सिंथिया तर केव्हाच पेंगली. त्यांच्या होड्या लागल्या किनाऱ्याला, तुमच्याही लागू देत. शाल सगळ्यांना पुरते, ओढू नका. झोपा.