पुस्तक परत करायची रीत

त्या दिवशी वारा होता. थंडी सरत आलेली, ऊन हवंहवंसं, आणि वाचनालयाच्या पायरीवर चिंचेची बारीक पानं सारखी येऊन पडत होती. मी त्या पायरीवर बसलो होतो. मला वाचता येत नाही. पण बसायची जागा तीच.

“पण चाचा, आता या खोलीची गरज काय?” सुदर्शन विचारत होता.

रहिमानचाचा माझे शेजारी. वाचनालयाची किल्ली आजवर त्यांच्याच कमरेला. गुडघे गेले, तेव्हा गावानं ठरवलं, किल्ली त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला द्यायची. सुदर्शन शहरात शिकून आलेला. त्याला खोलीला कुलूप घालायचं होतं, कायमचं.

“लाखभर पुस्तकं आहेत यात,” तो मोबाइल दाखवत म्हणाला. “घरोघरी फोन. इथं कोण येणार?”

“खरं आहे,” चाचा म्हणाले. किल्ली सोडवून त्याच्या हातावर ठेवली.

मी पायरीवरून अर्धवट उठलो. सुदर्शनही चपापला.

“तुम्ही... भांडणार नाही?”

“कशाला? फक्त कुलूप घालायच्या आधी तुझ्याकडचं पुस्तक तेवढं परत कर. शाळेत असताना नेलेलं. नावाड्याच्या गोष्टीचं.”

“ते हरवलं की हो! पण आहे ना यात.” त्यानं फोनवर बोट फिरवलं. “हे घ्या. परत केलं.”

“मला नाही. या गेनबाला.” त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

आमच्या वाचनालयाची ही रीत. पुस्तक आणून नुसतं ठेवायचं नाही. पायरीवर जो असेल त्याला त्यातलं सांगायचं, मग ते जमा. माझ्यापाशी अशी बरीच पुस्तकं जमा झालीत.

सुदर्शन हसला. फोनवरून वाचलं, “नावाडी, पूर आणि एक शेळी. निष्ठा आणि त्याग यांची हृद्य कथा.”

मी वाट बघत राहिलो...

“झालं, आबा.”

“एवढंच? बरं... मग शेळी पोचली का पलीकडं?”

त्यानं फोनवर बोट वरखाली केलं. “थांबा, सगळं पुस्तकच उघडतो.”

“बघून नको,” चाचा म्हणाले. “सांग.”

“आणि पाणी कुठवर चढलेलं?” मी विचारलं.

“आबा, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं!”

“शेळीपुरता झालो असतो.”

सुदर्शननं फोन पालथा ठेवला. डोळे मिटले...

“शेळी... गाभण होती. हो! नावाडी म्हणतो, भाडं दोघींचं घेईन...”

मग त्याला थांबवेना. हातांनी नाव हलवली, तोंडानं पूर आणला. डेअरीत दूध घालून परतणाऱ्या बाया किटल्या घेऊन उभ्या राहिल्या.

“अगं बाई, बुडाली?” यमुनाबाई ओरडली.

“ऐका तर मावशी!”

ऐन धारेत शेळी व्याली. नावाड्यानं पिल्लं पागोट्यात घेतली आणि बोडक्या डोक्यानं पलीकडं उतरला. बाया हसून हसून बेजार झाल्या.

सुदर्शन उठला. किल्ली त्याच्या मुठीतच होती.

“चाचा... उद्या किती वाजता उघडायचं?”

“चहा झाला की.”

घराकडं येताना मला राहवेना. “चाचा, खरंच शेळी नावेत व्याली त्या पुस्तकात?”

चाचा काठीवर रेलून हसले.

“छे रे गेनबा! त्यात ती पहिल्याच पानावर पळून जाते. त्यानं सांगितलं ते पुस्तक आपल्याकडं नव्हतंच. आज आलं.”