पाचवा किन्नर

"…मग या पाचव्याचंच तोंड मिटलेलं का, बुवा?" त्र्यंबकने विचारलं.

देवळाच्या खांबावर पाच किन्नर कोरलेले होते. धड माणसाचं, तोंड घोड्याचं. कुबेराच्या दरबारातले हे गवई गाऊ लागले की वारासुद्धा थबकतो म्हणे. चौघांनी गाण्यासाठी आ केला होता. पाचवा मात्र मांडीवर वीणा घेऊन गप्प बसला होता.

"तो त्या चौघांना सूर देतोय," शेषगिरबुवा म्हणाले.

त्र्यंबकला ते झोंबलं. बारा वर्षं त्याने बुवांच्या पायाशी काढली होती. आणि हा कोंडाजी कुंभार? आला दोन वर्षांपूर्वी. पण सगळं गाव म्हणे, याच्या गळ्यात किन्नर उतरलाय! ते ऐकलं की त्र्यंबकच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

उद्या महाशिवरात्र. देवापुढे दोघांतला कोण गाणार, हे बुवा आज ठरवणार होते.

"म्हणजे मी जन्मभर असाच तोंड मिटून बसू?"

भिंतीशी टेकवलेला तंबोरा बुवांनी त्याच्यापुढे सरकवला.

"कोंडाजी नदीवरून येतोय. त्याच्यासाठी लावून ठेव."

…

त्र्यंबकने तंबोरा लावला. सुरेलच लावला, पण कोंडाजीच्या पट्टीपेक्षा चांगला दोन स्वर वर. तिथून वरचा सा गाठताना त्याचा गळा फाटणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

कोंडाजी आला. ओले हात धोतराला पुसून त्याने तंबोऱ्याला नमस्कार केला आणि बैठक मारली.

त्र्यंबकने मागे बसून तारा छेडल्या तसे बुवांनी मिटलेले डोळे उघडले. त्र्यंबककडे पाहिलं. पुन्हा मिटले.

कोंडाजीनेही एकदा मागे वळून पाहिलं. त्र्यंबक मान खाली घालून बसला होता. कोंडाजीने पुढे तोंड केलं आणि त्याच सुरात सूर मिसळला.

खालचं सगळं गोड झालं. वरच्या षड्जाला मात्र आवाज चिरकला. दुसऱ्यांदाही चिरकला. मग तो थांबला.

त्र्यंबकच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"काय झालं रे?" बुवांनी विचारलं.

"माझाच गळा कमी पडला, बुवा."

"तंबोरा चढा नव्हता?"

"मलाही वाटलं तसं…" कोंडाजी ओशाळून हसला. "पण त्र्यंबकदादांनी लावलाय. ते कशाला चुकतील? माझंच कुठंतरी चुकत असणार."

त्र्यंबकचं बोट तारेवरच राहिलं.

…

"बुवा, मी…"

बुवांनी हात वर करून त्र्यंबकला थांबवलं. त्याच्या मांडीवरचा तंबोरा उचलला, खांबावरच्या पाचव्या किन्नराकडे एकदा पाहिलं आणि तंबोरा कोंडाजीच्या मांडीवर ठेवला.

"उद्या तू गा, त्र्यंबक. तंबोरा हा लावेल."