हळदी पंखांचा पतंग

फार मागे मंदिका नदीच्या काठी सुनंद नावाचा राजा राज्य करीत होता, आणि त्या जन्मी बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. राजा मनाने चांगला. फक्त आपल्याकडे जे आहे ते दुसऱ्याकडे असू नये, एवढी एक खोड त्याला होती.

त्याच्या राज्यात, दोन डोंगरांमधल्या नदीकाठच्या पट्ट्यात, नखाएवढा एक पतंग आढळत असे. बसला की राखाडी, वाळल्या पानाच्या तुकड्यासारखा. कुणी ढुंकूनही पाहू नये असा. उडाला की मात्र आतले पंख हळदीसारखे पिवळे दिसत आणि त्यांवर एकेक काळा ठिपका. हा पतंग जगात फक्त माझ्याच काठावर आहे, असे राजा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवीत असे.

एकदा नदीपलीकडच्या राज्यातला एक व्यापारी सहज म्हणाला, "आमच्याकडच्या कुंभ्याच्या झाडांच्या रानातही हे पुष्कळ आहेत." राजाचे तोंड उतरले. ते रान जाळून टाका, असा हुकूम त्याने सेनापतीला दिला. रानात माणसांची वस्ती होती, पण राजाच्या डोक्यात पतंगच भिनला होता.

सेनापती अमात्याकडे आला. "तुम्ही फक्त गप्प राहा. रान जळून मोकळी होईल ती जमीन मी घेणार, त्यातली निम्मी तुमची."

"जमीन मला नको," अमात्य म्हणाला आणि तडक राजाकडे गेला. "महाराज, रान जाळण्याआधी एक संध्याकाळ माझ्याबरोबर नदीवर चला. ते जाळण्यात आपलेच नुकसान आहे; हे खोटे ठरले तर मी पद सोडतो."

दोघे काठावर बसले. दिवस मावळला, अलीकडची रानजाई उमलली. तेवढ्यात पलीकडच्या कुंभ्यांवरून पिवळे पतंग निघाले, पाण्यावरून आले आणि जाईवर बसले. मध पिऊन झाल्यावर ते एकेक करून माघारी फिरले.

"परत का जातात?" राजाने विचारले.

"अंडी तिथेच घालतात, महाराज. अळ्यांना कुंभ्याचा पाला लागतो आणि आपल्याकडे कुंभा नाही. ते रान जळाले तर इथेही एक पतंग दिसणार नाही. आणि वस्तीतल्या माणसांनी आपले काय वाकडे केले आहे?"

 राजा स्वतःशीच हसला. "म्हणजे इतकी वर्षे मी पाहुण्यांनाच प्रजा समजत होतो."

हुकूम मागे घेतला गेला. पलीकडच्या राजाला निरोप गेला, की तुम्ही झाडे सांभाळा, आम्ही फुले सांभाळतो. अमात्य त्या दिवशी अगदी समाधानाने घरी गेला.

विहारातल्या एका झाडाच्या सावलीवरून भांडणाऱ्या दोघा भिक्षूंना ही कथा सांगून त्यांचे गुरू शास्ता म्हणाले, "खरे बोलून गेलेला व्यापारी म्हणजे हा सुजात. ही सावली माझीच म्हणणारा रोहक तेव्हा राजा होता, आणि अमात्य मी होतो. लोभ बाजूला सारून जे आहे ते नीट पाहणे, हीच प्रज्ञा."

 रोहकाने थोडे सरकून सुजातला शेजारी जागा करून दिली.