रेवाचं वाकडं जाळं

फार पूर्वी, मेंदीच्या एका कुंपणात रेवा नावाची तरुण कोळीण म्हाताऱ्या मावशीकडे जाळं विणायला शिकत होती. एके दिवशी मावशीनं बजावलं, “सांजेपर्यंत स्वतःचं असं एक जाळं विण, नाहीतर दुसरं कुंपण बघ.”

रेवा सैरभैर झाली. तिनं मधाच्या पोळ्यासारखं जाळं विणलं आणि तोडलं. अंगणातल्या रांगोळीसारखं विणलं, तेही तोडलं. धागा संपत आला. पोटात कावळे ओरडू लागले, तेव्हा कुठे ती डासांकडे पाहू लागली. ते एकाच अरुंद फटीतून ये-जा करत होते. उरलेल्या धाग्यानं तिनं त्या फटीत वाकडंतिकडं जाळं ताणलं.

“हे कुठं पाहिलंस गं?” मावशीनं विचारलं.

“कुठंच नाही, मावशी. डास इथूनच जातात.”

मावशी जाळ्यावर चढली. “मग जरा सरक. मलाही भूक लागलीय.”