पासष्टावा ठिपका

"चाचा, यात कुठला आवाज राहिलाय, तेवढं सांगा."

शलाकानं लॅपटॉप चाचांच्या पुढ्यात सरकवला. पडद्यावर कसबा पेठेचा नकाशा होता आणि त्यावर चौसष्ट लाल ठिपके. ठिपका दाबला की तिथला आवाज वाजायचा. पिठाची गिरणी, हौदावरचे पारवे, मशिदीशेजारचा लोहार, शाळेची घंटा, भंगारवाल्याची आरोळी.

चाचा बघत राहिले.

शलाका पुण्याच्या एका कॉलेजात माध्यमकला शिकत होती. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एक वस्ती पायी फिरायची, तिथले आवाज टिपायचे आणि त्यांचा नकाशा करायचा, असा प्रकल्प होता. त्याला ते ध्वनिफेरी म्हणत. वर्गातल्या बाकीच्यांनी आपापल्या घरामागची गल्ली उरकून टाकली. शलाकानं कोल्हापूरपासून तासाभरावरचं मावशीचं गाव निवडलं आणि वीस दिवस तिथली कसबा पेठ पायाखाली घातली. आपल्या कानांचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नव्हती.

सरांनी नकाशा परत पाठवला तो एका शब्दासह. 'अपुरा.' काय अपुरं ते काही लिहिलं नाही. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण शब्द कुठं लागला तेच शहाणीला कळेना. सोमवारपर्यंत नकाशा पुरा झाला नाही तर तिचं वर्ष जाणार होतं, आणि आज गुरुवार होता.

मावशी म्हणाली, नगारजी चाचांना विचार, पेठेत टाचणी पडली तरी त्यांना कळते.

बाबूलाल नगारजी म्हणजे नगरपालिकेचे जुने दवंडीवाले. वय अठ्ठ्याहत्तर. नऊ वर्षांपूर्वी पालिकेनं कर्णा लावलेली रिक्षा घेतली आणि चाचांना शाल-श्रीफळ देऊन घरी बसवलं. रिक्षा दिवसातून तीनदा ओरडत जाते आणि लोक ते कानामागे टाकतात. पण दोन दिवस पाणी येणार नसलं, कुणाचं लेकरू चुकलं, तर माणसं अजून चाचांच्याच दारात येतात. चाचा डफ घेऊन निघतात आणि अर्ध्या तासात पेठेला सगळं ठाऊक होतं.

शलाकानं त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला. चाचांनी चार-पाच ठिपके ऐकले आणि हेडफोन काढून तिच्या हातात दिला.

"समदं बरोबर हाय. गिरणी गिरणीच्या जागी, लोहार लोहाराच्या जागी."

"मग अपुरं काय आहे?"

चाचांनी लॅपटॉप तिच्याकडं परत सरकवला.

शलाकाची नजर भिंतीकडे गेली. खुंटीला डफ टांगलेला होता. तिनं कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं झालं होतं की. अख्ख्या पेठेचे आवाज गोळा केले आणि पेठेची दवंडीच राहिली!

चाचा, तुमची दवंडी द्या, ती म्हणाली. हाच पासष्टावा ठिपका.

चाचांनी मान हलवली. बातमी नाही, म्हणाले.

तिनं समजावलं, की बातमीची गरजच नाही, नुसता डफ वाजवायचा, तोंडानं काही बोलायचं नाही. ती मागून रेकॉर्डर घेऊन येईल. अर्ध्या तासाचा तर प्रश्न, कुणाचं काय जातंय?

"बातमी नसताना डफ वाजवत न्हाईत, पोरी."

तिनं विनवलं, मग वाद घातला, मग वर्ष जाईल म्हणून सांगितलं. हे सांगताना तिचे डोळे भरून आले, आणि ते खोटं नव्हतं.

चाचांनी एकदा तिच्या डोळ्यांकडे बघितलं.

मग उठले आणि त्यांनी डफ खाली काढला. अंगणात वर्तमानपत्राचा कागद पेटवून त्यावर चामडं शेकलं. बोटानं टिचकी मारून बघितलं, पुन्हा शेकलं. डफ टणक बोलायला लागला तसे ते चपला घालून निघाले.

चाचांचे सात थांबे ठरलेले होते. प्रत्येक थांब्यावर ते डफावर काठीचे तीन ठोके देत आणि मान खाली घालून उभे राहत. विडा लावायला लागतो तेवढा वेळ. मग न बोलता पुढचा थांबा.

शलाकाच्या कानाला हेडफोन आणि डोळा रेकॉर्डरवर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या आकड्यांवर. ठोके सुरेख येत होते. वैताग होता तो त्यानंतरचा. चाचा जिथं थांबत तिथले सगळे आवाज मरून जात. दुसऱ्या थांब्यावर, तीन गल्ल्यांच्या तिकटीला, दिनकर शिंप्याचं मशीन छान चाललं होतं. तिनं माइक तिकडं वळवला आणि ते नेमकं बंद पडलं. तिसऱ्या थांब्यावर कुणाचा तरी मिक्सर आणि चौथ्यावर हातगाडीवाल्याची घंटा, दोन्हींची तीच गत. आकडे खाली खाली जात आणि तळाशी जाऊन बसत.

पाचव्या थांब्यावर एका गच्चीतून कुणी तरी विचारलं, "काय चाचा?"

चाचांनी नुसता हात वर केला आणि चालू लागले. घरी येईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. शलाकाला ते बरंच वाटलं, कारण मध्ये बोलणं आलं की काटछाट वाढते.

संध्याकाळी मावशीच्या माडीवर बसून तिनं काटछाट केली. ठोके ठेवले आणि मधलं रिकामं काढून टाकलं. सात थांबे मिळून अर्ध्या मिनिटाचा नेटका तुकडा झाला. मूळ ध्वनिमुद्रण तिनं कार्डावरून पुसलं. रिकामं साठवून ठेवायचं नाही, हा तिचा नियम होता आणि वर्गात ती तो इतरांनाही शिकवायची. मग नकाशावर पासष्टावा ठिपका दिला आणि त्या रात्री तिला शांत झोप लागली.

सकाळी साडेदहाला ती पुन्हा चाचांच्या ओसरीवर हजर. लॅपटॉपचा आवाज मोठा करून तिनं ठिपका दाबला. तीन ठोके. लगेच तीन ठोके. लगेच तीन.

चाचांनी ऐकलं. पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा ऐकलं.

"मधलं कुठं गेलं?"

"मध्ये काही नव्हतंच चाचा. रिकामं होतं. कापलं."

"कापून ठिवलंस कुठं?"

"ठेवलं नाही... पुसलं."



तेवढ्यात दारात दिनकर शिंपी येऊन उभा राहिला. गळ्यात मोजपट्टी, पायात चपला तशाच. आत ये म्हटलं तरी तो आला नाही.

"चाचा, काल काय हुतं?"

चाचांनी मान खाली घातली. मग दिनकरच सांगत बसला. डफ ऐकला तसं त्यानं अर्ध्या बाहीवर मशीन थांबवलं होतं. बायको चुलीवरचं दूध सोडून पायरीवर धावत आली. गेल्या खेपेला डफ वाजला तेव्हा कांबळ्यांची पोर चुकली होती, म्हणून जो तो हातातलं टाकून येतो. सगळे उभे राहिले आणि चाचा काही न सांगता निघून गेले. दूध उतू गेलं ते गेलंच. त्याहून वाईट म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्खी पेठ एकमेकांना विचारत होती, की कोण गेलं.

"इतक्या वरसांत कधी असं झालं न्हवतं," दिनकर म्हणाला.

चाचा उठून उभे राहिले. दोन्ही हात जोडले.

"चुकलं माझं, दिनकर."

शलाकाचं नाव त्यांनी घेतलं नाही. तिच्याकडं बघितलंही नाही.

दिनकर ओशाळला. तसं न्हवं चाचा, असं काहीसं पुटपुटला. पण जाता जाता खरं ते बोललाच, की पुढच्या खेपेला माणसं हातातलं टाकून येतील का, ते आता सांगता येत नाही.

तो गेला. ओसरीवर दोघंच उरली.

शलाकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका माणसाची जन्माची पत तिनं अर्ध्या मिनिटासाठी खर्ची घातली होती, आणि त्या बदल्यात मिळालेली शांतताच कापून फेकली होती. मशीन बंद पडलं नव्हतं. ते बंद केलं होतं. मिक्सरही बंद केला होता आणि हातगाडीची घंटाही. वीस दिवस कान उघडे ठेवून फिरली, पण हे तिला शिंप्यानं सांगावं लागलं.

"चाचा... ती सगळी माणसं ऐकत होती."

चाचांनी चपला नीट लावून ठेवल्या आणि पुन्हा बसले.

ती घाईघाईनं म्हणाली, की आजच पुन्हा वाजवा, या वेळी मी काही कापणार नाही, अगदी एक क्षणसुद्धा. सोमवार दूर नाही.

"बातमी काय?"

शलाकानं लॅपटॉप मिटला.

"बातमी हाय का?"

आपला नकाशा, आपलं वर्ष, आपले सर, एकेक करून तिच्या तोंडाशी आलं आणि परत गेलं. यातली एकही पेठेची बातमी नव्हती. बाहेरून कर्ण्याची रिक्षा घरपट्टीची मुदत ओरडत गेली आणि तिच्यामागे कुत्री भुंकली...

"आहे," ती शेवटी म्हणाली. "काल चाचा चुकले नाहीत. त्यांना मी वाजवायला लावलं. ही बातमी."

चाचांनी खुंटीवरचा डफ काढला, अंगणात शेकला, टिचकी मारली आणि तिच्यापुढं धरला.

"मी? मला कुठं वाजवता येतं?"

"बातमी कुणाची?"

तिनं डफ घेतला. एका हातात डफ आणि दुसऱ्यात काठी, रेकॉर्डर घ्यायला हातच उरला नाही. तो ओसरीवर लॅपटॉपशेजारी राहिलाय हे तिला हौदापाशी आठवलं. ती क्षणभर घुटमळली. चाचा चालतच होते. तीही चालू लागली.

पहिल्या थांब्यावर चाचा थांबले नाहीत. सरळ तिकटीवर आले आणि दिनकरच्या दुकानासमोर उभे राहिले. आत मशीन चालू होतं.

शलाकानं पहिला ठोका दिला. तो फुसका गेला. समोरून चाललेल्या बोहारणीनं वळून बघितलं आणि हसली. दुसरा बरा पडला. तिसरा तिनं जीव लावून मारला, आणि तो मात्र तिन्ही गल्ल्यांत गेला.

मशीन चालूच राहिलं.

ती मान खाली घालून उभी राहिली, चाचा राहायचे तशी. एक घडी गेली. दुसरी गेली. मशीनची टकटक तिच्या छातीत चालल्यासारखी वाटत होती...

मशीन थांबलं. दिनकर हाताची घडी घालून दारात आला.

मग समोरच्या घरातला मिक्सर थांबला. कुणीतरी नळ बंद केला. बोहारणीनं भांड्यांची पाटी खाली ठेवली. वरच्या गच्चीत दोन बायका आल्या, त्यांच्यामागे हातात वर्तमानपत्र धरलेला एक म्हातारा. हातगाडीवाल्यानं घंटेवर पंजा दाबून धरला. काल हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं, आणि ती आकडे बघत होती. इतकी माणसं आपल्यासाठी एकदम गप्प झालेली तिनं जन्मात पाहिली नव्हती. तिला भीती वाटली, आणि रडू आलं, आणि तरी तिथून हलावंसं वाटेना.

आता सगळी पेठ गप्प होती. तिनं श्वास घेतला आणि बोलायला तोंड उघडलं.

चाचांनी एक बोट वर केलं.

ती थांबली. कशासाठी ते तिला कळेना. चाचांनी डोळे मिटून मान किंचित उजवीकडं कलती केली होती. तिनंही तसंच केलं. आधी काहीच ऐकू येईना. मग पार पलीकडल्या आळीतून, दोन भिंतींच्या आडून, आवाज आला. थप्. थप्. थप्. कुणीतरी भाकरी थापत होतं.

आणि तेही थांबलं.

शलाकानं चाचांकडं बघितलं. आता बोलू?

चाचांनी बोट खाली घेतलं नाही.

"तिला हात धुऊ दे."