स्वतःच्या पायावर

फार जुनी गोष्ट आहे, आणि चूक सरळसरळ गवेआबांची होती. तळ्याकाठच्या रानात लंगड्या-आजाऱ्यांना सगळे पाळीपाळीने चारा पोचवायचे. गव्यांच्या कळपाचे म्हातारे पुढारी गवेआबा यांना ते खुपलं. "फुकट मिळालं की आळशी होतात," म्हणत त्यांनी पाळी मोडली आणि चाऱ्याचा ठेका बगळ्याला दिला.

बगळ्याने आबांच्या संमतीने नियम केला: स्वतःच्या पायावर उभं राहायचं, दुपारपर्यंत तळ्यातलं शेवाळ काढायचं, मगच चारा. शेवाळ निघालं की त्याला मासे छान दिसायचे, ते वेगळंच.

"आबा, माझा पाय मोडलाय," भेकरी म्हणाली.

"बगळा बघ, एका पायावर उभा असतो! आमच्या वेळी असली नाटकं नव्हती."

"त्याने दुसरा पोटाशी धरलाय, आबा. मोडलेला नाही."

आबा नुसते हसले. भेकरी तीन पायांवर शेवाळ ओढत राहिली.

पुढे आबाच त्या काठावर घसरले आणि त्यांचे मागचे दोन्ही पाय गेले. गवताचा भारा दहा पावलांवर होता.

"दे रे जरा इकडे," ते बगळ्याला म्हणाले.

"आधी उभे राहा, आबा. नियमावर खुराचा ठसा तुमचाच आहे."

पाळी मोडलेली असल्याने दुसरं कुणी आलं नाही. आठव्या दिवशी आबा उपाशी मेले.